दुसऱ्याच्या खाचेतला दात

१

दर वर्षी पहिल्या तासाला शाहिंदा आपल्या विद्यार्थिनींकडून एकच वाक्य तीनदा म्हणून घ्यायची.

“पेशंटचं उजवं ते उजवं. माझं नव्हे.”

मुली हसत हसत म्हणायच्या. ती मात्र हसत नसे. समोर बसलेल्या माणसाचं उजवं आपल्या डाव्या हाताला येतं, हे लहान पोरालाही कळतं. पण हातात दात काढायची पकड आली की भल्याभल्यांचा गोंधळ होतो, हे तिने पाहिलं होतं. तांता शहरात कालव्यापलीकडच्या दंतकॉलेजात ती सात वर्षं चेहऱ्याची आणि तोंडाची रचना शिकवत होती, आणि दुपारी दवाखान्यात पेशंट बघत होती. सात वर्षांत तिच्या हातून उजव्याडाव्याची चूक झालेली कुणी पाहिली नव्हती.

शिकवायला तिचा स्वतःचा एक जबडा होता. खालचा, खऱ्या माणसाचा, सुकून जुन्या मेणाच्या रंगाचा झालेला. पहिल्या वर्षाला असताना एका मोठ्या वर्गातल्या मुलीकडून तिने तो घेतला होता. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या रुमालात गुंडाळून तो ती ने-आण करायची. प्रत्येक दातावर तिने तेव्हाच निळ्या शाईने बारीक आकडे घातले होते. दातांच्या डॉक्टरांच्या हिशोबात तोंडाचे चार चतकोर असतात. खालचा डावा तिसरा, खालचा उजवा चौथा. प्रत्येकातली सहावी म्हणजे पहिली मोठी दाढ. म्हणून डावीकडची छत्तीस आणि उजवीकडची शेहेचाळीस. शेहेचाळीस लिहिताना शाई जास्त झाली होती आणि इंग्रजी सहाच्या पोटात पसरली होती. छत्तीसवर काही लिहिलेलं नव्हतं, कारण ती जागा रिकामी होती. तिथल्या खाचेत मुळांची दोन भोकं आणि मधली हाडाची पातळ भिंत छान दिसायची. मुली त्यात पेन्सिलीचं टोक घालून बघायच्या.

त्या सकाळी जबडा हातोहात फिरत मागच्या बाकावर पोचला आणि जुमाना म्हणाली, “डॉक्टर, छत्तीस रिकामी कुठे आहे?”

“नीट बघ. डावीकडे.”

“पेशंटच्याच डावीकडे बघतेय. इथे दाढ आहे.”

“आणि चांदी भरलेली आहे!” शेजारची मार्तीना ओरडली. “मेल्यावर दाताचा इलाज करून घेतलाय बाईनं. किती हौशी!”

सगळा वर्ग खिदळला. शाहिंदा मागच्या बाकापाशी गेली. तीन आठवडे वर्गात चेहऱ्याचे स्नायू चालू होते, डबा उघडायचं काम पडलं नव्हतं. निदान ती स्वतःला तसं सांगत होती.

“परीक्षेत फसता का, ते बघायला बसवलीय मी ती,” ती म्हणाली आणि जबडा हातात घेतला. दाढ चिमटीत धरून वर ओढली.

दाढ निघाली नाही. हललीसुद्धा नाही.

२

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट.

शाहिंदाची आई, नेमातबाई, मुलीच्या दवाखान्यात नटूनथटून आली होती. डोक्याला सणाचा रुमाल, हातात पेरूंची पिशवी, सगळ्या मुलींना वाटायला. तिला दुखत काहीच नव्हतं. पण महिन्यापूर्वी काढलेल्या एक्स-रेत खालच्या एका मोठ्या दाढेच्या मुळाशी हरभऱ्याएवढी काळी सावली दिसत होती. दाढ काढायला हवी होती. दोन्ही बाजूंच्या मोठ्या दाढा बघायला सारख्याच, एकाच डॉक्टरने एकाच वर्षी चांदी भरलेल्या.

“तुम्ही सगळ्या माझ्या पोरीच्या हाताखाली शिकता ना?” आईने खुर्चीत बसताना मुलींना विचारलं. “रागावते का गं फार?”

“घरी रागावत नाही का, मावशी?” मार्तीना म्हणाली.

“घरी मी रागावते.”

दातांच्या एक्स-रेच्या फिल्मवर एका कोपऱ्यात बारीकसा फुगीर ठिपका असतो. त्याचा फुगवटा बघणाऱ्याकडे हवा. फिल्म उलटी धरली की उजवी बाजू डावी होऊन बसते. शाहिंदाने हे शेकडो जणींना शिकवलं होतं. त्या दिवशी आई बोलत होती, मुली हसत होत्या, पेरूंचा वास सुटला होता आणि तिने फिल्म उजेडाच्या काचेवर पटकन लावून टाकली. मग डावीकडे सुई दिली आणि डावीकडची दाढ काढली. सफाईने, पाच मिनिटांत. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी फिल्म पाकिटात घालताना अंगठ्याला ठिपक्याचा खळगा लागला. फुगवटा नव्हे, खळगा.

तिने काढलेली दाढ उजेडात फिरवून पाहिली. दोन्ही मुळं स्वच्छ, धट्टीकट्टी. आजारी दाढ आईच्या तोंडात उजवीकडे तशीच होती.

कागदावर ती काय लिहिणार होती? आणि आईला काय सांगणार होती? कॉलेजात कळलं असतं तर नोकरी गेली असती. पण खरं सांगायचं तर तिला नोकरीची एवढी धास्ती वाटली नाही. आई शेजारीपाजारी सांगत सुटली होती, “माझ्या पोरीचा हात म्हणजे लोणी. कळलंसुद्धा नाही.” त्याची वाटली.

दाढ कचऱ्यात टाकवेना. तिने ती खिशात घालून घरी आणली. डबा उघडा होता. ती जबड्याच्या रिकाम्या खाचेत तिने का घालून बघितली, हे तिला पुढे कधी सांगता आलं नाही. ठेवायला जागा हवी होती, एवढंच असेल.

दाढ आत गेली आणि टक् करून बसली.

एकाचा दात दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. मुळांचा बाक, जाडी, मधली भिंत, प्रत्येक माणसाचं वेगळं असतं. सख्ख्या बहिणींचंसुद्धा जुळत नाही. ती थोडा वेळ बघत राहिली. मग योगायोग असेल म्हणाली आणि झाकण लावलं.

३

“आ कर,” शाहिंदा वर्गातला तो दिवस संपवून घरी गेल्या गेल्या म्हणाली.

“आधी जेव तरी. मुलूखियाची भाजी केलीय.”

“आई, आ कर ना.”

आईने खिडकीपाशी बसून तोंड उघडलं. तीन आठवड्यांत जखम भरत येते, गुलाबी होते, वरून नवीन हिरडी धरते. इथे तसं काहीच नव्हतं. दोन भोकं, मध्ये पातळ भिंत. रक्त नाही, पू नाही, वास नाही. हाड पांढरंही नव्हतं. जुन्या मेणाच्या रंगाचं होतं.

तिने बारीक सळई घेऊन त्यावर हलकेच टोकलं. ठक. कोरडा आवाज. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. सकाळीच वर्गात जबडा टेबलावर ठेवताना ऐकलेला.

“दुखतं?”

“छे. कुठे टोचतेयस तेच कळत नाही. तुझा हात म्हणजे...”

“लोणी. माहीत आहे.”

शाहिंदाने मनाची समजूत घातली. जखम कोरडी पडण्याचा प्रकार पुस्तकात असतो. वयाने रक्तपुरवठा कमी होतो. साखर वाढली असेल. दुसऱ्या दिवशी आईची साखर तपासली, तर ती शाहिंदाच्या साखरेपेक्षाही बरी निघाली. कोरड्या जखमेला जीवघेणी कळ लागते, हेही पुस्तकात असतं. ते वाक्य तिने मनात वाचायचं टाळलं.

कॉलेजातल्या थोरल्या डॉक्टरांना दाखवायला हवं होतं. पण त्यांनी पहिल्यांदा फिल्म मागितली असती.

४

तांताचे भाजलेले हरभरे म्हणजे नेमातबाईंचा जीव की प्राण. डाव्या दाढेशिवायही त्या ते सोडेनात. संध्याकाळची मगरीबची बांग झाली की ताटली घेऊन गच्चीच्या दाराशी बसायच्या आणि एकेक फोडायच्या. कट्. कट्. कट्.

शाहिंदा समोर मुलींच्या वह्या तपासत होती. डब्याची पिशवी तिच्या पायाशी होती.

आधी तिला वाटलं, आवाज भिंतीवर आदळून परत येतोय. मग वाटलं, खालून बस गेली की पत्र्याचा डबा थरथरतो, तसं काही असेल. तिने पेन खाली ठेवलं. आईने हरभरा तोंडात टाकला. कट्. पायाशी, रुमालात गुंडाळल्यासारखं दबकं, कट्. दोन्ही एकाच ठेक्यात. तिने पाय हळूच पिशवीला लावला. पत्र्यातून आवाज पायाच्या हाडात आला.

“काय गं, गप्प का?” आई म्हणाली आणि खायची थांबली.

डब्यात आणखी एक घास चावला गेला.

शाहिंदाने आईकडे पाहिलं. आईचं तोंड मिटलेलं होतं.

“उंदीर झालेत घरात,” ती म्हणाली.

“तिसऱ्या मजल्यावर? तूच जास्त शिकलीस गं बाई,” आई हसली आणि परत ताटलीत हात घातला.

एकटा खालचा जबडा चावणार कशावर? त्याला वरचा जबडाच नाही. शाहिंदाने हा विचार अगदी डॉक्टरसारखा, नीट, शेवटपर्यंत केला. आणि मग डबा उचलून स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर, रमजानच्या कंदिलामागे ठेवून दिला.

५

तो दोन दिवस तिथेच होता. तिसऱ्या दिवशी आई दुपारची भांडी घासत असताना तिने तो खाली काढला आणि आपल्या खोलीत नेला. हा मूर्खपणा एकदाचा संपवायचा होता. दाढ काढायची, कालव्यात टाकायची आणि विसरायचं.

रुमाल उलगडला. दाढेभोवती आधी केसभर फट होती, ती बुजली होती. हाडाने दाढ धरली होती, जिवंत माणसाचं हाड धरतं तशी. तिने बोटाने चाचपलं. हनुवटीच्या बाजूला जिथून नस बाहेर येते ते बारीक छिद्र बोटाला ओलसर लागलं. तिने बोट ओढणीला पुसलं आणि त्याकडे बघितलं नाही. आपल्याच हाताला घाम आलाय, असं ती म्हणाली.

पकड दाढेवर बसवली. गुडघ्यात जबडा धरला. आधी आत, मग बाहेर, जसं शिकवते तसं तिने दाढेला जोर दिला.

स्वयंपाकघरात ताटली फुटली.

“आई?”

ती धावत गेली. आई नळ तसाच सोडून ओट्याला धरून उभी होती.

“काही नाही गं,” आई म्हणाली. “कुणीतरी हनुवटीला धरून गदागदा हलवल्यासारखं झालं. दुखलं नाही. नुसतं हललं.” मग फुटक्या ताटलीकडे बघून म्हणाली, “तुझ्या आत्याने दिलेली होती. बरं झालं, एक पीडा गेली.”

शाहिंदा हसली. हसताना तिच्या लक्षात आलं की पकड अजून हातात आहे. तिने ती पाठीमागे लपवली.

६

शुक्रवारी सकाळी न्याहारीला फूल नावाची कडधान्याची उसळ आणि गरम तामिया वडे होते. चहात पुदिना होता. आई नेहमीसारखी बोलत होती. मात्र बोलताना तिचा खालचा जबडा जरा उशिराने हलत होता, की शाहिंदाला तसं वाटत होतं, सांगता येत नव्हतं. तिने हातातला पाव खाली ठेवला.

“आई, मी चुकीची दाढ काढली.”

आईने चहाचा पेला टेकवला.

“आजारी आहे ती उजवीकडे आहे. अजून तिथेच आहे. फिल्म मी उलटी लावली. तुझी चांगली दाढ काढली आणि तीन आठवडे गप्प बसले.”

“ठाऊक आहे,” आई म्हणाली.

“काय ठाऊक आहे?”

“सुई देण्याआधी महिनाभर तूच रोज रात्री माझ्या उजव्या गालाला बोट लावून बघायचीस, सूज आहे का म्हणून. आणि सुई दिलीस डावीकडे. मी काय खुळी आहे?”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलणार कशी? त्या सगळ्या पोरी भोवती उभ्या. डॉक्टर, डॉक्टर करत होत्या तुला. त्यांच्यासमोर आईने म्हणायचं, पोरी तू चुकतेस?” आईने पावाचा तुकडा मोडला. “एक दाढ गेली. तोंडात अजून पुष्कळ आहेत. मी वाट बघत होते तू कधी सांगतेस त्याची.”

शाहिंदा टेबलावर डोकं ठेवून रडली. आईने तिच्या केसांतून हात फिरवला. मग ते दुसरंही तिने सांगून टाकलं. डबा, खाच, घट्ट बसलेली दाढ. हरभऱ्याचा आवाज तेवढा सांगवला नाही.

आईचा हात थांबला.

“म्हणजे भुकेल्याला दात दिलास, पोरी,” ती म्हणाली. हसण्यावारी नेल्यासारखं म्हणाली, पण हसली नाही. “त्या हाडाला माती द्यायची होती कुणीतरी. शिकायला ठेवलं, ठीक. पण जेवायला बसवायचं नव्हतं.”

“उद्या देते. आधी तुझी आजारी दाढ काढते, सगळ्या मुलींसमोर. काय चुकले ते त्यांना सांगते.”

“सांग. आणि यापुढे माझ्यापासून काही लपवायचं नाहीस. शपथ घे.”

तिने शपथ घेतली. आईने चहाचा घोट घेतला आणि एकदम डावा गाल धरला.

“स्स्स! आई गं! काय झोंबलं!”

शाहिंदाने तोंड उघडायला लावलं. डाव्या खाचेत रक्त आलं होतं. लाल, ताजं, खरं. आई कळवळत होती आणि मुलगी तिचे हात धरून हसत होती. वर फळीवर परत ठेवलेल्या डब्यात काहीच वाजत नव्हतं.

७

शनिवारी दवाखान्यात तिने आईला खुर्चीत बसवलं आणि फिल्म उजेडाच्या काचेवर लावली. ठिपका मुलींना बोटाने चाचपायला दिला. जुमानाला सांगितलं, “फळ्यावर लिही. डॉक्टरांनी छत्तीस काढली. काढायची होती शेहेचाळीस.”

जुमानाने खडू हातात घेतला, पण लिहवेना.

“लिही गं,” आई खुर्चीतून म्हणाली. “हिचं अक्षर मी बघितलंय, तुझं बघू दे.”

मुली हसल्या, मग जुमानाने लिहिलं. शाहिंदाला वाटलं, छातीवरचा दगड उतरला. डब्याची पिशवी तिने बाजूच्या टेबलावर ठेवली होती. इथून परस्पर कब्रस्तानात जायचं होतं.

उजवीकडे सुई दिली. पेशंटचं उजवं. दाढेवरची चांदी दिव्यात चमकली. तिने पकड बसवली, आधी आत, मग बाहेर.

जोर लागला नाही. वाळूत खोचलेली खुंटी निघावी तशी दाढ वर आली. तिने कापूस खाचेवर दाबला आणि आईला चावून धरायला सांगितलं. मग दाढ दिव्याखाली नेली.

दाढ हलकी होती. रक्ताचा थेंब नव्हता. जुन्या मेणाचा रंग. माथ्यावर चांदी नव्हती, कधी भरलेलीच नव्हती. बाजूला निळ्या शाईने आकडे होते. चार, आणि सहा. सहाच्या पोटात शाई पसरलेली.

तिने मूठ मिटली. तिचा हात आपोआप अंगरख्याच्या खिशाकडे गेला.

“निघाली का?” आईने कापूस चावत, बोबड्या आवाजात विचारलं.

“हो.”

“दाखव.”

“नंतर बघ, आई.”

“शपथ घेतलीस ना?”

मुली बघत होत्या. शाहिंदाने आईपुढे मूठ उघडली. आईने बराच वेळ पाहिलं. उजव्या हाताचं एक बोट पुढे करून तिने निळ्या आकड्यांवरून फिरवलं. मग वर मुलीकडे बघितलं, न रागावता, जसं शुक्रवारी बघितलं होतं तसंच.

“अक्षर तुझंच आहे,” ती म्हणाली आणि सांगितल्याप्रमाणे कापूस घट्ट चावून तोंड मिटलं.

बाजूच्या टेबलावरच्या डब्याकडे आधी मार्तीनाने वळून पाहिलं. मग जुमानाने. शाहिंदा वळली नाही. आईचा हात आपल्या हातात घट्ट धरून ती तिच्या मिटलेल्या तोंडाकडे बघत राहिली आणि डब्यातून येणारं कट् कट् मनात मोजत राहिली. एक घास. दोन.